काजव्यांच्या वाटेवरची हाक

आरतीची भांडी आवरली, मांडवातले मोठे दिवे मालवले, आणि आता तुम्हाला गोष्ट हवी. बरं. पण आधी तो स्पीकर बंद करा. नुसता आवाज कमी नको, पूर्ण बंद. शाहीद, तू त्या पडद्यापाशी नको बसूस, इकडे सरक. अनुष्का, थर्मासमधला चहा वाट सगळ्यांना. बाप्पाच्या मांडवात सकाळपर्यंत पहारा द्यायचाय, डोळा लागता कामा नये. आता मी जे सांगणार आहे ते ऐकल्यावर तो लागणारही नाही.

गोष्ट म्हणतो खरा, पण ही गोष्ट नाही. सत्यजीत कर्णिक अर्ध्या चड्डीत फिरायचा तेव्हापासून मी त्याला ओळखत होतो. आणि सुनंदाबाई सामंत तर लाइन आळीत आमच्याच मजल्यावर, समोरच्या दारात राहतात. म्हणून नावं बदललेली नाहीत. फक्त उद्या जाऊन त्यांना काही विचारू नका, एवढं पाळा.

तर दोन हजार चोवीस साल. एक जून, शनिवार. वैशाख वद्य दशमी, म्हणजे चंद्र उगवणार मध्यरात्र उलटून गेल्यावर. पाऊस अजून आलेला नव्हता. पंख्याखाली बसूनही पाठ भिजावी अशी हवा.

सकाळी सत्यजीत एसटी स्टँडवर उभा होता. काम साधं होतं, पुण्याहून येणाऱ्या पाहुण्यांना उतरवून घ्यायचं. नोकरी सोडून त्याने सहलींचा धंदा काढला होता. दिवसभर पनवेल दाखवायचं आणि रात्री जंगल. आपण इथेच वाढलो, म्हणून आपल्याला वाटतं की पनवेलात बघायचं काय! पण सत्यजीतबरोबर फिरलं की हेच गाव वेगळं वाटायचं. बोलण्यात गोडवा, चेहरा हसरा, प्रत्येक दुकानदाराला नावाने हाक. कापड बाजारातून तो लोकांना मिरची गल्लीत न्यायचा, तिथे सगळे एकदम शिंकायला लागले की टाळ्या वाजवायचा. मासळी बाजारात कोळणींशी मुद्दाम हुज्जत घालायचा, त्याही त्याला दोन शिव्या हासडून हसायच्या. रस्त्याकडेला पानाच्या द्रोणात करवंदं आणि जांभळं घेऊन बसलेल्या बायका, दुपारच्या उन्हात घमघमणारे फणस, संध्याकाळी वडाळे तलावावर परतणारे बगळे. माणसं अगदी खूश व्हायची.

त्या दिवशी आठ-दहा जण आले होते. त्यातलं एक जोडपं लक्षात ठेवा, नीता आणि भगवानराव. दोघंही बँकेतून निवृत्त झालेले. गळ्यात दुर्बिणी, डोक्यावर टोप्या, आणि उत्साह तुमच्यापेक्षा दुप्पट.

दुपारचं जेवण नझीरच्या घरी होतं. नझीर म्हणजे सत्यजीतचा ड्रायव्हर, गाडी त्याची स्वतःची. त्याची बायको हाजरा पाहुण्यांना घरचं कोकणी जेवण वाढायची. वाफेवरचं सांदण, नारळाच्या दुधातलं कोंबडीचं सालन. सगळे बोटं चाटत जेवत होते आणि नीताबाईंनी सहज विचारलं,

"सत्यजीत, गेल्या वर्षी जुलैत इथे ओढ्यात एक मुलगी गेली ना हो? मी बातमी वाचली होती."

सत्यजीतचा हात ताटात थांबला. क्षणभरच.

"अनुया," तो म्हणाला. "माझ्याबरोबरच काम करायची. लहान बहिणीसारखी होती हो. पण सांगितलेलं ऐकलं नाही. पाणी चढत होतं, मी ओरडतोय बाहेर ये, बाहेर ये, आणि ती मोबाइल घेऊन व्हिडिओ काढायला उतरली. डोळ्यांदेखत गेली."

हे तो वर्षभर सांगत आला होता. पोलिसांना, पेपरवाल्यांना, प्रत्येक नव्या पाहुण्याला. इतक्या वेळा सांगितलं होतं की ते सांगताना चेहरा आपोआप पडायचा. त्यासाठी त्याला आता काही करावं लागत नसे.

हाजराने हातातली पळी खाली ठेवली. म्हणाली, "ती पोरगी तशी नव्हती, सत्यजीतभाई. अल्ला जाणे काय झालं, पण तशी नव्हती."

"हाजरा," नझीर म्हणाला. तिने पुन्हा पळी उचलली. जेवण तसंच पुढे चालू राहिलं.

आता अनुयाबद्दल सांगतो. सुनंदाबाईंची एकुलती एक. बाप ती शाळेत असतानाच गेला. आईने तहसील कचेरीत नोकरी करून वाढवली. पोरगी हुशार, आणि डोंगरात पाऊल टाकलं की तिला पंख फुटायचे. सत्यजीतला दादा म्हणायची, आणि तसंच मानायची. ती गेली त्यापेक्षा ती कशी गेली, याने सुनंदाबाई जास्त मोडल्या. त्या बातमीखाली लोकांनी काय काय लिहिलं होतं! लाइकसाठी जीव देतात ही पोरं. आईबापांनी लाडावून ठेवलेली. बरं झालं, एक कमी झाली. हो, असंसुद्धा. त्या बाईने रात्र रात्र बसून एकेक ओळ वाचली.

तेराव्याला सत्यजीत घरी आला होता. मी तिथेच होतो. सुनंदाबाईंनी त्याचे दोन्ही हात धरले. म्हणाल्या, "सत्यजीत, माझ्या गळ्याची शपथ आहे, खरं सांग. माझी अनुया पाण्याशी खेळणारी नव्हती रे."

त्याने त्यांच्या डोळ्यांत बघितलं. "काकू, मी खूप ओरडलो. तिने ऐकलं नाही."

सुनंदाबाईंनी हात सोडले. आणि भिंतीवरच्या अनुयाच्या फोटोकडे वळून, अगदी हळू, म्हणाल्या, "ऐकलंस?"

बस. एवढंच. पण अंगावर काटा आला माझ्या.

असो. तर एक जूनची संध्याकाळ. दिवेलागणीला नझीरची गाडी गोवा हायवेला लागली. उजेड होता तोवर कर्नाळ्याचा सुळका आभाळात अंगठ्यासारखा दिसत होता, मग तोही काळोखात विरला. अभयारण्यात रात्री कुणाला सोडत नाहीत. पण त्याच डोंगराच्या पाठीमागे एक लहानशी वाडी आहे. तिथून रानात एक बैलगाडीची वाट जाते आणि खाली ओढ्याला मिळते.

हो, तोच ओढा.

सत्यजीत वर्षभर त्या वाटेला गेला नव्हता. पण बाकी सगळीकडे फार्महाउस झाली, रात्रभर दिवे आणि गाणी. काजवे राहिले होते ते एवढ्याच रानात. त्याने मनाशी ठरवलं होतं, ओढ्यापर्यंत जायचंच नाही. निम्म्या वाटेवर सादड्याची मोठी झाडं आहेत, तिथे काजवे दाखवायचे आणि मागे फिरायचं. त्याच्या मनातलं मला कसं माहीत, असं विचाराल. तेही सांगेन.

वाडीत गाडी लागली. नझीर गाडीपाशीच थांबला. शेजारच्या घरातली गंगाबाई ओट्यावर वारा घेत बसली होती, तिच्याशी तो गप्पा मारत राहिला. बाकी मंडळी रांगेने रानात शिरली. पुढे सत्यजीत, सगळ्यात शेवटी भगवानराव.

डोंगरात चालण्याची एक रीत असते. पुढचा माणूस मधूनमधून हाक देतो, "मागे?" आणि सगळ्यात शेवटचा ओरडतो, "आहे!" म्हणजे मधले सगळे नीट आहेत. पूर्वी शेवटी अनुया असायची. आज ते काम भगवानरावांकडे होतं आणि त्यांना ते फारच आवडलं होतं.

"मागे?"

"आहे!" भगवानराव फौजेत असल्यासारखे ओरडायचे, आणि सगळे हसायचे.

सादड्यांपाशी पोचल्यावर सत्यजीतने बॅटऱ्या बंद करायला लावल्या. सुरुवातीला काहीच दिसेना. मग एका फांदीवर एक ठिणगी. मग दहा. मग अख्खं झाड एकदम उजळलं, एकदम विझलं. पुन्हा उजळलं. त्याच्या शेजारचं, त्याच्या मागचं, अशी सगळ्या उतारावरची झाडं एकाच श्वासाला लागल्यासारखी उघडमीट करू लागली. नीताबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढे त्यांनीच सांगितलं, आयुष्यात असं काही पाहिलं नव्हतं म्हणून.

सत्यजीतलाही बरं वाटलं. उगाच भीत होतो, असं वाटलं. पाच-पन्नास पावलांवर याहून दाट झाडं होती. म्हणाला, "थोडं पुढे चला. बॅटरी लावू नका. माझ्या मागे या."

आणि निघाला.

थोडं चालल्यावर त्याने सवयीने हाक दिली. "मागे?"

"आहे."

बाईचा आवाज. नीताबाई असतील, त्याला वाटलं. नवऱ्याची चेष्टा करत असतील. तो हसला. पुढे गेला.

"मागे?"

"आहे."

या वेळी कुणी हसलं नाही. आणि आवाज रांगेच्या शेवटून आला नव्हता. जवळून आला होता.

तो चालत राहिला. वाट उताराला लागली. पायाखाली पाचोळा वाजत होता. त्याचा. मागच्यांचा... वाजत नव्हता.

"भगवानराव?"

उत्तर नाही.

"मागे?"

"आहे, दादा."

त्याने खिशातून बॅटरी काढली. अंधारात बटण सापडेना. सापडलं. त्याने मागे उजेड टाकला.

वाट रिकामी.

झाडं. वाट. कुणी नाही.

आणि त्या उजेडाच्या पलीकडे, उतारावरचे सगळे काजवे... एकाच वेळी विझलेले. पुन्हा लागले नाहीत.

इकडे गाडीपाशी काय झालं, ते ऐका. सगळी मंडळी वाडीत परत आली. हसत, बोलत. नझीरने विचारलं, "सत्यजीतभाई कुठाय?"

"मागून येतायत ना," भगवानराव म्हणाले. "त्यांनीच तर सांगितलं, परत फिरा, गाडीकडे चला."

"कधी?"

"आत्ता. झाडांपाशी. काळोखात मागून आवाज आला त्यांचा. अहो, सगळ्यांनी ऐकला."

सगळ्यांनी ऐकला होता. सत्यजीतचाच आवाज. फक्त नीताबाई म्हणाल्या, "पण ते तर आपल्या पुढे होते. मग आवाज मागून कसा आला?"

तेवढ्यात ओट्यावरची गंगाबाई उठून उभी राहिली. रानाकडे कान देऊन म्हणाली, "पाऊस नाय, पानी नाय... आनि ओढा वाजतंय कसा रं?"

नझीरने कान दिला. वाजत होता. जुलैत वाजतो तसा. दगड गडगडत येतात तसा.

...

सत्यजीत मागे फिरला होता. चढाने वर जायला हवं होतं. पण जितकं चालावं तितकी वाट उतारालाच. त्याने फोन काढला. रेंज नव्हती. त्याने नझीरला हाका मारल्या. स्वतःचा आवाज त्याला ऐकू येईना, इतका पाण्याचा आवाज वाढला होता.

आणि अचानक पाणी वाजायचं थांबलं.

आवाज. एकदम. बंद.

तो ओढ्यात उभा होता. कोरडा ठणठणीत ओढा. पांढरे गोटे. एका खडकाच्या पोटात तेवढं घोटाभर पाणी साचलेलं. त्याने तो खडक ओळखला.

आता त्या जुलैत खरं काय घडलं होतं, ते ऐका. आभाळ फाटल्यासारखं झालं होतं. अनुयाने सकाळीच सांगितलं होतं, "दादा, आज ओढा ओलांडायचा नाही, वरून पाणी येतंय." त्याने ऐकलं नाही. दोरी बांधली, सगळ्यांना पलीकडे काढलं. अनुया शेवटी. ती मध्यावर होती आणि वरून लोंढा आला. दोरी तुटली. ती याच खडकाशी आली आणि तिने सत्यजीतचं मनगट पकडलं. तो खडकावर पालथा पडलेला. तो तिला ओढू शकला असता का? कुणास ठाऊक. पण त्याने ओढलंच नाही. त्याची छाती खडकावरून घसरायला लागली, आणि त्याने दुसऱ्या हाताने... तिची बोटं सोडवली.

एकेक करून.

हातात मोबाइल नव्हता. व्हिडिओ नव्हता. तिच्या हातात फक्त त्याचं मनगट होतं.

आणि आता, एक जूनच्या रात्री, त्याच खडकापाशी तो उभा होता. बॅटरी मंद होत चालली. त्याला पळायचं होतं. पाय हलेनात.

आणि समोरून, ओढ्याच्या पलीकडून, कुणीतरी हाक दिली.

"मागे?"

त्याने तोंड उघडलं नव्हतं. तरी उत्तर त्याच्याच गळ्यातून आलं.

"आहे."

थोडी जवळून. "मागे?"

"आहे."

बॅटरी गेली.

श्वास. त्याचाच. मग... त्याचा नसलेला.

"हात दे, दादा."

त्याने दोन्ही हात पाठीमागे घेतले. बोटं एकमेकांत घट्ट अडकवली. लहान मूल घेतं ना, तशी.

आणि त्याच्या पाठीमागे, अंधारात, ओल्या गार बोटांनी ती सोडवायला सुरुवात केली.

एकेक करून.

...

नाही, थांबा. कुणी काही विचारू नका. थोडा चहा दे गं.

...

रात्रीचे अडीच. लाइन आळी. सगळी आळी झोपलेली. सुनंदाबाईंना वर्षभर धड झोप नव्हतीच, त्या बैठकीत दिवा लावून बसल्या होत्या. दार वाजलं. बेल नाही, कडी वाजली. त्यांनी साखळी न काढता फटीतून पाहिलं.

सत्यजीत.

डोक्यापासून पायापर्यंत भिजलेला. चेहरा कागदासारखा.

"काकू, आत येऊ?"

त्यांनी दार उघडलं. ते का उघडलं, हे त्यांनाही सांगता येत नाही. तो आत आला. बसला नाही. उजवा हात जरा बाजूला, किंचित मागे धरलेला. कुणी धरून ठेवावा, तसा.

"पुस अंग," त्या म्हणाल्या. टॉवेल पुढे केला. त्याने घेतला नाही.

"काकू, मला सांगायचंय. सगळं सांगायला लावलंय."

"कुणी?"

त्याने भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. आणि मग सांगायला लागला. सकाळच्या एसटी स्टँडपासून. मिरची गल्ली, हाजराचं जेवण, नीताबाईंचा प्रश्न, काजवे, हाका. मग त्या जुलैचं. काही गाळलं नाही. मधेच थांबला, की त्याचा उजवा हात झटका बसल्यासारखा हलायचा. मग पुन्हा बोलायचा. मला त्याच्या मनातलं कसं ठाऊक, विचारणार होतात ना? असं.

सुनंदाबाई रडल्या नाहीत. ओरडल्या नाहीत. शेवटी एवढंच विचारलं, "बोटं सोडवताना ती काय म्हणाली?"

त्याचे ओठ हलले. आवाज आला नाही. हात हलला. जोरात.

"म्हणाली... दादा, सोडू नको."

सुनंदाबाईंनी हातातला टॉवेल खुर्चीवर ठेवला.

"तू माझ्याच घरी येऊन, माझ्या डोळ्यांत बघून म्हणालास, तिने ऐकलं नाही."

"हो, काकू."

"मग आता बाहेर जा आणि हेच सगळ्यांना सांग. ज्यांनी ज्यांनी माझ्या पोरीला नावं ठेवली, त्या सगळ्यांना सांग."

"मला नाही सांगता येणार," तो म्हणाला. "तुम्ही सांगा. मला आता फक्त तुमच्यापर्यंत..."

पुढचं बोलणं राहिलं. उजवा हात हळूच खाली आला. सैल. कुणी सोडून द्यावा, तसा. त्याने त्या हाताकडे पाहिलं. सुनंदाबाई म्हणतात, इतका घाबरलेला माणूस त्यांनी कधी पाहिला नाही. धरलेला असताना तो तेवढा घाबरलेला नव्हता. सोडल्यावर घाबरला.

तो मागे सरत सरत दाराबाहेर गेला. जिन्यावर पावलांचा आवाज आला नाही.

सुनंदाबाईंनी तडक माझं दार ठोठावलं. "भावजी, उठा. सत्यजीत आला होता. कबूल झाला तो. तुम्ही चला, त्याला धरा, अजून आळीतच असेल."

मी चष्मा शोधत बाहेर आलो आणि माझा फोन वाजला. नझीर. रडत होता.

"काका, सत्यजीतभाई गेले."

"गेला म्हणजे? अरे, तो आत्ता इथे..."

"ओढ्यात सापडले. गाववाले आणि मी शोधत होतो. घोटाभर पाण्यात तोंड घालून पडले होते. एक वाजता सापडले, काका. पोलीस आलेत, पंचनामा चाललाय. मी तेव्हापासून त्यांच्या उशाशीच बसलोय. चादर घातलीय मीच. तुम्ही त्यांच्या घरी कळवा."

मी सुनंदाबाईंकडे बघितलं. त्या माझ्याकडे बघत होत्या. त्यांना फोनवरचं सगळं ऐकू गेलं होतं.

फक्त म्हणाल्या, "बरं."

डॉक्टरांनी पुढे सांगितलं, रात्री दहाच्या आसपास गेला असावा. पाय घसरला, डोक्याला मार बसला, पालथा पडला. तशी नोंद झाली. सुनंदाबाई पोलिसांत गेल्या, पण मेलेल्या माणसाचं ऐकून आलेल्या बाईचं कोण ऐकणार? त्या थांबल्या नाहीत. जुलैच्या त्या सहलीत कोण कोण होतं ते शोधून त्या एकेकाच्या दारी गेल्या. बरेच जण टाळत राहिले. शेवटी ठाण्याची एक मुलगी सुनंदाबाईंना बघताच रडायला लागली. पलीकडच्या काठावरून तिने सगळं पाहिलं होतं. सत्यजीत तिला म्हणाला होता, तुला पावसात नीट दिसलं नसेल. आणि भीतीपोटी तिनेही ते मानून घेतलं होतं. तिने जबाब दिला. पेपरात आलं. खाली लिहिणारे तेच लोक, त्यांनी आता सत्यजीतला शिव्या घातल्या. सुनंदाबाईंनी तेही एकेक वाचलं. आणि मग फोन कपाटात ठेवून दिला.

काय म्हणालीस, अनुष्का? काकूंना स्वप्न पडलं असेल?

मलाही त्या रात्री तसंच वाटलं होतं, बाळ. वर्षभराचं जागरण, मनाचे खेळ. त्यांना आमच्या घरात बसवलं, बायकोला उठवलं, आणि सत्यजीतच्या घरी जायला म्हणून निघालो. जिन्यातला दिवा लावला.

आमच्या मजल्यावर पांढरी फरशी आहे. तिच्यावर ओला लाल चिखल. भर जूनच्या कोरड्या रात्री.

बुटांचे ठसे. जिन्यापासून सुनंदाबाईंच्या दारापर्यंत आणि तिथून परत जिन्याकडे.

आणि आत जाणाऱ्या ठशांच्या शेजारी, अगदी खेटून... दुसरी पावलं. लहान. अनवाणी.

दार उघडंच होतं. मी आत डोकावलो.

बूट बैठकीत थांबले होते. अनवाणी पावलं थांबली नव्हती. ती पुढे गेली होती. अनुयाच्या खोलीकडे.

आत गेलेली दिसत होती.

परत आलेली... नव्हती.